टॉमकॅट चालू दिसतोय पण बिल सेव्ह होत नाहीये? (आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. तुमचं बिलिंगचं, ऑर्डरचं नाहीतर ॲडमिशनचं सॉफ्टवेअर जावामध्ये लिहिलेलं आहे आणि ते टॉमकॅट नावाच्या सर्व्हर प्रोग्रामवर चालतं, म्हणून हे पत्रक तुम्हाला पाठवतोय. मॉनिटरिंग म्हणजे आम्ही नक्की काय बसवतो, लांबून सर्व्हर हाताळायचा म्हणजे काय करतो आणि त्यात तुमच्या डेटाला धोका कुठे असतो, हे प्रश्न फोनवर इतक्या वेळा येतात की शेवटी एकदा लिहूनच काढलं. थोडं लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी एक खरा किस्सा सांगतो, ग्राहकाचं नाव सांगत नाही. होलसेलचा धंदा, दिवसभर बिलं. दर दोन-तीन दिवसांनी सॉफ्टवेअर हँग व्हायचं आणि ऑफिसमधला एक मुलगा रिस्टार्ट मारायचा, की परत सुरळीत. असं चार महिने चाललं होतं! रिस्टार्ट हा त्यांच्याकडे झाडू-पोछ्यासारखा रोजचा कार्यक्रमच होऊन बसला होता. मग महिनाअखेरीला बिलं जास्त असताना दुपारच्या आतच दोनदा बसलं आणि मालकांनी आम्हाला फोन केला, "सर्व्हर बदलायचा का हो?" होस्टिंगवाल्यांना विचारलं तर ते म्हणाले आमच्याकडून सगळं चालू आहे, आणि ते खोटं बोलत नव्हते. पिंगला (म्हणजे "आहेस का?" अशा हाकेला) उत्तर येत होतं, टॉमकॅटची प्रोसेस जिवंत होती, लॉगिनचं पानसुद्धा उघडत होतं. फक्त सेव्ह दाबलं की गोल फिरत बसायचं.

हे समजायला एक खानावळ डोळ्यासमोर आणा. टॉमकॅटमध्ये कामाचे थ्रेड असतात, आपण काही बदललं नाही तर जास्तीत जास्त २००, हे समजा वेटर. डेटाबेसकडे जायची कनेक्शन मात्र वेगळी मोजली जातात, आणि टॉमकॅटसोबत जो कनेक्शन पूल (तयार कनेक्शनचा साठा) येतो त्यात काही सेट केलं नसेल तर एका वेळी फक्त ८ मिळतात, या झाल्या शेगड्या. वर गंमत अशी की शेगडी रिकामी नसेल तर किती वेळ थांबायचं याची मुळातली सेटिंग आहे "कायम"! म्हणजे आठही शेगड्या अडकल्या की येणारा प्रत्येक वेटर किचनच्या दाराशी जाऊन उभा राहतो तो राहतोच, एकेक करत २०० जण तिथे जमतात आणि मग नुसतं पाणी मागायलाही गिऱ्हाइकाकडे कोणी येत नाही. बाहेर पाटी मात्र झगमगत असते, खानावळ चालू आहे.

आम्ही त्या सर्व्हरवर मॉनिटरिंग बसवलं आणि दोन दिवस काही न करता नुसतं बघत बसलो. वापरात असलेल्या कनेक्शनचा आलेख एरवी वर-खाली उड्या मारतो. इथे तो जिन्यासारखा चढत होता, १, मग २, बराच वेळ २, मग ३, आणि एकदा चढली की पायरी परत खाली येतच नव्हती. प्रत्येक पायरीची वेळ घेतली आणि लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) त्याच मिनिटाला काय झालं ते पाहिलं, तर दर वेळी एक बिल पीडीएफ बनताना फेल झालेलं. कोणाचं? ज्या गिऱ्हाइकाच्या नावात "अँड"चं इंग्रजी चिन्ह होतं त्यांचं. त्या चिन्हामुळे बिलाचा एक्सएमएल साचा तुटायचा, एरर यायची, आणि एरर आल्यावर उघडलेलं कनेक्शन बंद करायचं प्रोग्रामरकडून राहून गेलं होतं. अशी आठ बिलं झाली की दुकान बंद. दुरुस्ती पाच-सहा ओळींची होती, नवीन सर्व्हरचे पैसे वाचले. शिवाय पूलमध्ये थांबायची मर्यादा १० सेकंद लावून टाकली, म्हणजे पुढे असं काही झालं तर निदान स्वच्छ एरर तरी दिसेल, गोल फिरत बसणार नाही.

मग आम्ही बघतो तरी काय

जावाच्या पोटात काय चाललंय ते सांगणारी सोय जावातच आहे, तिचं नाव जेएमएक्स. किती थ्रेड कामात आहेत, किती कनेक्शन बाहेर गेलीत, मेमरी किती भरली, सगळं तिथून कळतं. आम्ही टॉमकॅटसोबत एक छोटा एजंट चालू करतो जो हे आकडे साध्या पानावर मांडतो, आमचा प्रोमिथियस (आकडे गोळा करून ठेवणारा प्रोग्राम) दर १५ सेकंदांनी ते पान वाचून नेतो आणि ग्राफानामध्ये त्याचे आलेख दिसतात. दोन्ही ओपन सोर्स, लायसन्सचे पैसे नाहीत. प्रोमिथियस आपणहून १५ दिवसांचेच आकडे ठेवतो, आम्ही ते ९० दिवस करतो, कारण धंद्यात महिनाअखेरीची तुलना मागच्या महिनाअखेरीशीच करावी लागते, कालच्या मंगळवारशी करून काही कळत नाही.

मेमरीच्या आलेखाबद्दल मुद्दाम सांगतो कारण ग्राफानाचं लॉगिन दिलं की पहिला घाबरलेला फोन यावरूनच येतो. "अहो ८५ टक्के भरली!" जावाची मेमरी करवतीच्या दात्यांसारखी दिसते, भरत जाते, मग सफाई होते आणि धपकन खाली येते, हे निरोगी लक्षण आहे. वरची टोकं बघू नका, खालची बघा. सफाईनंतरचा तळ दिवसेंदिवस वर सरकत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे, आणि तेव्हा फोन तुम्ही करायच्या आधी आमचाच येईल.

डिस्कवरही लक्ष असतं. टॉमकॅटची कॅटालिना डॉट आउट नावाची लॉग फाईल असते, ती आपोआप कापली जात नाही, कोणी सोय केली नसेल तर डिस्क भरेपर्यंत वाढत राहते. डिस्क भरली की आधी डेटाबेस रडायला लागतो आणि सगळे डेटाबेसवाल्याला धरतात, तो बिचारा काहीच करत नसतो.

याशिवाय बाहेरून, म्हणजे वेगळ्या शहरातल्या वेगळ्या मशीनवरून, दर मिनिटाला तुमचं एक पान उघडून बघतो. नुसतं लॉगिनचं पान नाही हं, वरचा किस्सा आठवा. तुमच्या प्रोग्रामरकडून आम्ही एक छोटं तपासणीचं पान करून घेतो जे डेटाबेसमधून खरोखर एक ओळ वाचून आणतं, तिथून ठरलेलं उत्तर २ सेकंदांत आलं तरच "ठीक". पहारा देणारं मशीन वेगळं ठेवायचं कारण उघड आहे. ज्यांचा सर्व्हर ऑफिसच्याच कोपऱ्यात कपाटाशेजारी आहे त्यांच्याकडे गुरुवारी लाईट गेली की सर्व्हरही गेला आणि तो गेला हे सांगणाराही गेला, अशी गत होते.

एसएसएलचं सर्टिफिकेटही (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं सुरक्षित ठेवणारं) त्याच तपासणीत. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं आणि ते संपत आल्याचं जे ईमेल यायचं ते त्यांनी जून २०२५ पासून बंद केलंय. पैसे देऊन घेतलेल्या सर्टिफिकेटची मुदतही टप्प्याटप्प्याने कमी होतेय, १५ मार्च २०२९ पासून जास्तीत जास्त ४७ दिवस. म्हणजे कॅलेंडरवर गोल करून ठेवायचे दिवस गेले, हे आपोआपच व्हायला हवं. यात एक खोच आहे, फाईल रिन्यू होते पण टॉमकॅट मेमरीतलं जुनंच सर्टिफिकेट दाखवत राहतो, त्याला परत लोड करायला सांगावं लागतं. म्हणून सर्व्हरवरची फाईल बघून आम्ही समाधान मानत नाही, ब्राउझरला काय मिळतंय ते बघतो.

लांबून हाताळणं, म्हणजे घराची किल्ली

इथे जरा सावकाश वाचा. जेएमएक्स नुसतं डोळे देत नाही, हातही देतं. त्यातून ॲप्लिकेशन थांबवता येतं, सेटिंग बदलता येतं. इंटरनेटवर जेएमएक्स चालू करायच्या ज्या तीन-चार ओळी सापडतात त्यात बहुतेक वेळा पासवर्ड नको आणि एसएसएल नको असंच लिहिलेलं असतं, शिकायला ठीक आहे. पण असा पोर्ट (म्हणजे सर्व्हरचं नेटवर्कवरचं एक दार) इंटरनेटवर उघडा राहिला तर बाहेरचा माणूस त्यातून स्वतःचा कोड तुमच्या सर्व्हरवर चालवू शकतो, आणि असे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. नवीन ग्राहकाचा सर्व्हर ताब्यात घेतला की आम्ही सगळ्यात आधी हेच तपासतो.

आमची पद्धत अशी: रोजच्या बघण्यासाठी जेएमएक्सचा रिमोट पोर्ट लागतच नाही, एजंटचं पान पुरतं आणि तेही फक्त आमच्या व्हीपीएनमधून (खासगी नेटवर्कमधून) दिसतं. कधी आत हात घालायची वेळ आलीच तर पोर्ट फक्त त्याच मशीनपुरता उघडा ठेवून एसएसएचच्या (कुलूपबंद जोडणीच्या) बोगद्यातून जातो, किल्ली वापरून, पासवर्डने नाही.

ज्यांच्याकडे स्वतःचा आयटीवाला आहे त्याच्यासाठी चार गोष्टी, कारण आम्ही स्वतः यावर रात्री घालवल्यात. जेएमएक्सला दोन पोर्ट लागतात, दुसरा तो मनाला येईल तो घेतो, म्हणून फायरवॉलमध्ये एक उघडूनही जोडणी होत नाही, दुसराही पहिल्याच नंबरला बांधून टाका. क्लाउडवरचा सर्व्हर जोडणीच्या वेळी स्वतःचा आतला पत्ता सांगतो जो बाहेरून कुठेच लागत नाही, म्हणून होस्टनेम स्पष्ट द्या, बोगदा वापरत असाल तर लोकलहोस्ट. ही सगळी सेटिंग जावा ऑप्ट्समध्ये नको, कॅटालिना ऑप्ट्समध्येच टाका, नाहीतर टॉमकॅट बंद करायला जाल तेव्हा बंद करणारी प्रोसेससुद्धा तोच पोर्ट मागते, "पोर्ट वापरात आहे" म्हणून पडते आणि टॉमकॅट काही बंद होत नाही. आणि पासवर्डची फाईल फक्त टॉमकॅटच्या युजरलाच वाचता आली पाहिजे, इतरांना वाचता येत असेल तर जावा सुरूच होत नाही, बरोबरच करतं ते.

टॉमकॅटचं मॅनेजर नावाचं पान आहे, तिथून नवीन व्हर्जन चढवता येतं. मुळात ते फक्त त्याच मशीनवरून उघडतं, पण "उघडत नाही" म्हणून लोक ते बंधनच काढून टाकतात. आम्ही ते परत लावतो. ८००९ नंबरचा एजेपी पोर्ट (पुढच्या वेब सर्व्हरशी बोलायचा) वापरात नसेल तर बंद करतो, फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट म्हणून जी सुरक्षेतली भानगड बाहेर आली ती त्याच दारातून होती, ९.०.३१ च्या आधीच्या ९ मालिकेत ते दार मुळातच उघडं मिळायचं. तुमच्याकडे अजून तेवढं जुनं व्हर्जन असेल तर कृपया फोन करा, आजच.

रिस्टार्ट मारायच्या आधी

हात शिवशिवतो ते समजतं, काउंटरवर माणसं उभी असतात. पण रिस्टार्ट मारला की पुरावा पुसला जातो. म्हणून आमच्या ग्राहकांच्या सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट ठेवलेली असते, ती १० सेकंदांच्या अंतराने तीन वेळा थ्रेड डंप घेते, म्हणजे कोणता वेटर कुठे अडकलाय त्याचे तीन फोटो. अर्धा मिनिट लागतो. तेवढं चालवा आणि मग खुशाल रिस्टार्ट करा, आमची परवानगी नको.

हीप डंप मात्र वेगळं प्रकरण. त्यात मेमरीत जे जे आहे ते सगळं येतं, तुमच्या गिऱ्हाइकांचे मोबाईल नंबर, कधीकधी पासवर्डसुद्धा. तो आम्ही तुम्हाला लेखी विचारल्याशिवाय घेत नाही, घेतला तर तुमच्याच सर्व्हरवर तपासतो आणि काम झालं की तुमच्यासमोर डिलीट करतो. दुसऱ्या कोणी ईमेलवर मागितला तर देऊ नका.

अलर्ट कोणाला, कधी

सुरुवातीला आम्ही प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला मेसेज पाठवायचो, आठवड्यात सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. चूक आमचीच. आता नियम साधा आहे. लागोपाठ तीन तपासण्या फेल झाल्या तरच अलर्ट, आणि रात्री फोन वाजणार तो फक्त गिऱ्हाइकाचं काम अडलं असेल तरच. डिस्क ८० टक्के भरली हे सकाळी कळलं तरी चालतं, त्यासाठी कोणाची झोप मोडायची नाही. तुमच्याकडून दोन नंबर लागतात, त्यातला एक मालकांचा नको, कारण मालक मीटिंगमध्ये असतात आणि फोन उचलत नाहीत, अनुभव आहे.

सर्व्हरची वेळही आम्ही नीट लावून घेतो. बरेच सर्व्हर यूटीसीवर (भारताच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असतात, मग तुम्ही सांगता साडेअकराला बसलं आणि लॉगमध्ये साडेअकराला काहीच नसतं, ते सकाळी ६ ला लिहिलेलं असतं. लॉग १८० दिवस भारतात ठेवायचे आणि हॅकिंगसारखा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं, असा सर्ट-इनचा (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचा) एप्रिल २०२२ चा आदेश आहे, तोही याच कामात बसवून देतो.

बंद पडणारच नाही असं वचन आम्ही देत नाही, कोणी देत असेल तर जरा जपून. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात साधारण ४३ मिनिटं बंद, आणि नुसतं ९९ टक्के म्हणजे सात तासांच्या वर, त्यामुळे करारात पॉइंटनंतरचा आकडा वाचत चला.

होस्टिंगचं आणि डोमेनचं खातं तुमच्याच नावावर राहील, आमची किल्ली तुम्ही हवी तेव्हा काढू शकता, कशी काढायची ते आम्ही पहिल्याच दिवशी लिहून देतो. नवीन व्हर्जन चढवणार असाल तर आधी एक मेसेज टाका, नाहीतर आमच्याकडे बोंब होते आणि तुमच्याकडे नुसतं अपडेट चालू असतं.

आणि हो, आमचं मॉनिटरिंगही मशीनच आहे, तेही पडू शकतं. म्हणून रोज सकाळी ९ वाजता तुम्हाला "सगळं ठीक" असा एक मेसेज येईल. कंटाळवाणा आहे, पण म्यूट करू नका. साडेनऊपर्यंत आला नाही तर आम्हाला फोन करा.