पिशवीचं तोंड किती उघडलं?

रात्री पावणेबाराला धाकट्या बहिणीचा फोन आला. अडतिसावा आठवडा, पहिलंच बाळंतपण. संध्याकाळपासून पोट दगडासारखं घट्ट व्हायचं आणि सुटायचं. दोन दिवसांपूर्वी तपासणीत डॉक्टर "पिशवीचं तोंड एक बोट उघडलंय" म्हणाले होते, तेव्हापासून तिचं सगळं चित्त त्या एका बोटावर होतं. "ताई, हात साबणानं स्वच्छ धुतलेत. मीच आतून बघू का? तीन-चार झालं असेल तर निघतो. नाहीतर एवढ्या रात्री यांना कशाला उठवू?"

मी बारा वर्षं लेबर रूममध्ये काम करते. "नको, हात घालू नकोस," असं लगेच सांगितलं. पण नुसतं नको म्हणून भागणार नव्हतं, कारण तिचा प्रश्न रास्त होता. हॉस्पिटल चाळीस किलोमीटरवर. लवकर पोहोचलं तर "अजून वेळ आहे" म्हणून परत पाठवतील ही धास्ती, उशीर झाला तर रस्त्यातच काय होईल ही दुसरी. आतल्या तपासणीची भीती तर असतेच. अशा वेळी स्वतःच बघून खात्री करावी, असं वाटणारच. नववा लागला की अनेकींच्या मनात हा विचार येतो, फक्त बोलायला कुणी धजत नाही.

गर्भाशय म्हणजे उलटा धरलेला घट, असं समजा. त्याची खाली आलेली मान म्हणजे गर्भाशयमुख, आपण ज्याला पिशवीचं तोंड म्हणतो ते. एरवी ही मान तीन-चार सेंटीमीटर लांब असते. गर्भाशय स्नायूंचं असतं, पण ही मान मुख्यतः कोलॅजनच्या चिवट धाग्यांची असते, स्नायू त्यात थोडाच. नऊ महिने बाळ, पाणी आणि वार यांचं ओझं वरून दाबत असतं आणि हिला बंद राहायचं असतं, म्हणून ती अशी घट्ट विणलेली.

आता नाकाच्या शेंड्याला बोट लावून बघा. गरोदर नसताना गर्भाशयमुख हाताला तसं लागतं. मग ओठाला लावा. गरोदरपणी ते तसं लागतं. नर्सिंगच्या पहिल्या वर्षी आम्हाला हे असंच शिकवलं होतं आणि अजूनही तपासताना माझ्या मनात तेच येतं. शेवटच्या आठवड्यांत हा ओठही लोण्यासारखा मऊ होत जातो. प्रोस्टाग्लँडिनसारख्या संप्रेरकसदृश रसायनांमुळे कोलॅजनचे धागे सुटे होतात, त्यांच्यामध्ये पाणी शिरतं, वीण ढिली पडते. मान आखूड होत होत पातळ होते. पहिलटकरणीत बहुधा ती आधी पातळ होते, मग उघडते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दोन्ही बरोबरच चालतं. आधी बाळंतपण झालेल्या बाईचं बाहेरचं तोंड तर कळा सुरू होण्याच्या कितीतरी आधी बोटभर सैल असू शकतं आणि त्यात काहीच विशेष नसतं.

म्हणजे खरं काम उघडण्याच्या आधी झालेलं असतं, आणि "किती बोटं?" या प्रश्नाच्या उत्तरात ते येतच नाही. एडवर्ड बिशप या अमेरिकन डॉक्टरांनी 1964 मध्ये गर्भाशयमुख बाळंतपणाला किती तयार आहे याला गुण देण्याची एक पद्धत मांडली, ती आजही जगभर वापरतात. तीत पाच गोष्टी बघतात: तोंड किती उघडलं, मान किती पातळ झाली, किती मऊ झाली, ती मागे वळलेली आहे की पुढे आली आहे, आणि बाळाचं डोकं किती खाली उतरलं. उघडणं हा पाचातला एक भाग.

आकडे डोळ्यांपुढे आणायचे तर असं बघा. दहा रुपयांचं नाणं 2.7 सेंटीमीटरचं, म्हणजे साधारण दोन बोटं. डोहाळजेवणाला भरलेली सव्वादोनची हिरवी बांगडी आतून सुमारे 5.7 सेंटीमीटर भरते. पूर्ण उघडलं म्हणतात ते 10 सेंटीमीटरला, तिथून ती बांगडी सहज आत-बाहेर होईल. बाळानं हनुवटी छातीला टेकवली असेल तर डोक्याचा पुढे येणारा व्यास साडेनऊ सेंटीमीटरच्या आसपास असतो, म्हणून हा दहाचा आकडा.

हे मापायला आमच्याकडे पट्टी नसते. दोन बोटं आत नेऊन ती कडेपर्यंत फाकवायची आणि त्यांच्यातलं अंतर मनाशी अजमावायचं. पुढे तोंड बरंच उघडलं की उलटा हिशोब, कडा किती उरली ते बघायचं. यात हात बसायला वर्षं जातात. आणि बसलेल्या हाताचं तरी काय? कडक नळ्यांच्या नमुन्यांवर डॉक्टर आणि सुईणींची परीक्षा घेतली गेली, तेव्हा नेमकं माप जवळपास निम्म्याच वेळा बरोबर आलं. एका सेंटीमीटरची चूक माफ केली तर दहातल्या नऊ वेळा. मऊ नमुन्यांवर तर आणखी चुका झाल्या.

आता नवव्या महिन्यातली बाई स्वतः तपासते आहे असं समजा. पोट आडवं येतं, मनगट वळत नाही. कळांच्या आधी गर्भाशयमुख बहुतेक वेळा वर आणि मागे, माकडहाडाच्या दिशेला वळलेलं असतं, तिथवर स्वतःची बोटं पोहोचतच नाहीत. पोहोचली तरी मऊ पडलेली कडा आणि योनीची भिंत यांतला फरक बोटाला कळत नाही. कधी बाळाचं डोकं पातळ झालेल्या भिंतीआडून टणक लागतं आणि तोंड पूर्ण उघडलंय असं वाटतं, प्रत्यक्षात ते मागे मिटलेलं असतं. घाबरून धावत सुटायचं किंवा निर्धास्त होऊन घरी बसायचं, दोन्ही याच चुकीतून होतं.

समजा, माप अगदी बरोबर आलं. तरी बाळ कधी येणार ते कळत नाही. कित्येक जणी दोन सेंटीमीटर घेऊन दोन-दोन आठवडे घरकाम करत असतात. कुणी सकाळच्या तपासणीत घट्ट बंद असते आणि रात्री बाळंत होते. तासाला एक सेंटीमीटर हा जुना हिशोबही आता डळमळला आहे. 2010 मध्ये अमेरिकेतल्या 19 हॉस्पिटलांमधल्या 62,415 बाळंतपणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चारावरून पाचावर जायला सहा तासांहून जास्त आणि पाचावरून सहावर जायला तीन तासांहून जास्त लागू शकतात, असं दिसलं. बाळ सुखरूप, आई सुखरूप, फक्त वेळ जास्त. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं कळांचा जोमाचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून धरावा असं सांगितलं, आणि सगळं नीट चाललं असेल तर आतून तपासणी चार-चार तासांनी पुरे, असंही. जिथे यंत्रं, हातमोजे आणि अनुभवी माणसं आहेत तिथेही हात कमी घालायचा, ही दिशा आहे.

तो का कमी घालायचा, याची शिकवण फार मोठी किंमत देऊन मिळाली आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या हॉस्पिटलात बाळंतिणींचे दोन विभाग होते. डॉक्टर आणि विद्यार्थ्यांच्या विभागात 1846 मध्ये शंभरातल्या अकराहून अधिक बाळंतिणी तापानं गेल्या. सुईणींच्या विभागात प्रमाण कितीतरी कमी होतं. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलावरून उठून तशाच हातांनी बायकांना तपासत, हे तिथले डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांच्या लक्षात आलं. 1847 च्या मे महिन्यात त्यांनी क्लोरीनच्या पाण्यानं हात धुणं सक्तीचं केलं. 1848 मध्ये डॉक्टरांच्या विभागातलं प्रमाण शंभराला सव्वाच्या आसपास आलं. जंतूंचा सिद्धांत तेव्हा अजून मांडलाही गेला नव्हता.

घरी साबणानं धुतलेला हात त्या हातांसारखा नाही, हे खरं. पण निर्जंतुकही नाही. नखांखाली जंतू राहतातच, आणि योनीत एरवी निरुपद्रवी राहणारे जंतू बोटाबरोबर वर ढकलले जातात. तोंडाशी चिकट द्रवाचं बूच असतं, त्यात जंतूंना मारणारे पदार्थ असतात, तो पहारा आपणच हलवतो. पाणी गेल्यावर तर धोका फार वाढतो. म्हणून पाणी गेलं आणि कळा नसतील तर आम्हीसुद्धा बोटांनी तपासणं टाळतो. वार खाली, तोंडावरच आलेली असेल तर एका बोटाच्या स्पर्शानं असा रक्तस्राव होऊ शकतो, की मिनिटांत जीवावर बेतावं. सोनोग्राफीत वार कुठे आहे ते बघितल्याशिवाय रक्त जाणाऱ्या गरोदर बाईला आतून तपासायचं नाही, हा नियम आम्हाला झोपेतून उठवून विचारला तरी येतो.

मग घरबसल्या काय बघायचं? मी बहिणीला घड्याळ घ्यायला सांगितलं. कळ कधी सुरू झाली, किती टिकली, पुढची कधी आली, हे कागदावर लिही. पाणी पी, कुशीवर पड, थोडं चाल. खऱ्या कळा चालल्यानं किंवा पडल्यानं थांबत नाहीत. त्या जवळजवळ येतात, लांबतात, आणि कळ चालू असताना बोलणं जमत नाही. पाच-पाच मिनिटांनी येणाऱ्या, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर चालल्या की निघायचं. घर लांब असेल, रस्ता वाईट असेल किंवा ही पहिली खेप नसेल तर त्याआधीच. रक्ताचा किंचित अंश असलेला चिकट स्राव गेला तर घाबरायचं कारण नाही. पण लाल रक्त, पाणी जाणं, त्यातही हिरवट पाणी, बाळाचं फिरणं कमी होणं, डोकं खूप दुखून अंधारी येणं, किंवा 37 आठवड्यांच्या आत कळा येणं, यांपैकी काहीही झालं तर कळा मोजत बसायचं नाही. थेट हॉस्पिटल, गाडी नसेल तर 108.

हे सगळं तिला फोनवर सांगितलं, तिनं लिहून घेतलं. कागदावर पहिल्या दोन कळांमध्ये नऊ मिनिटांचं अंतर होतं, मग चौदा, मग बावीस. अडीचला ती झोपली.

खऱ्या कळा अकरा दिवसांनी आल्या. हॉस्पिटलात आतून तपासण्याआधी तिनं सिस्टरना विचारलं, "काय बघणार आहात ते आधी सांगाल का? आणि कळ चालू असताना नको." सिस्टर थांबल्या, कळ जाऊ दिली, मग तपासून सांगितलं, "चार सेंटीमीटर. मान छान पातळ झालीये, डोकंही खाली आलंय." बहिणीनं मला मेसेज केला, त्यात आकडा नव्हताच. लिहिलं होतं, "पातळ झालीये म्हणतात."