घरच्या पोकरला किती लावायचं? चिप्सच्या डब्यासोबतची चिठ्ठी

नमस्कार. डबा घेतलात, थँक्यू. काऊंटरवर गिऱ्हाईक चिप्स हातात घेऊन पहिला प्रश्न एकच विचारतंय, "किती रुपयाचं खेळायचं हो?", आणि गर्दीत नीट सांगायला होत नाही, म्हणून ही चिठ्ठी छापून डब्यात टाकायला लागलोय.

आधी आमचीच गोष्ट. हा माल पहिल्यांदा आला तेव्हा शटर ओढून आम्ही चौघं मागच्या खोलीत बसलो, पैसे नको म्हणून शेंगदाणे लावले. झालं काय, की कोण पत्ते टाकेचना, हातात दुरी-सत्ती असली तरी "असू दे की, शेंगदाणेच हायत" म्हणून सगळे शेवटपर्यंत, आणि एकजण तर जिंकलेला ढीग खाऊनच बसला. पुढच्या आठवड्यात शहाणपणा करून पाचशे-पाचशे काढले. भाचा नवीन होता, कॉलेजचं पोरगं. अर्ध्या तासात त्याच्यापुढं एकच लाल चिप राहिली, ती अंगठ्यानं घासत बसला, चहा आला तो पण तसाच गार झाला. कुणाला काय बोलावं कळेना. त्याला पैसे परत द्यायला गेलो तर घेईना पण, मग ते आणखी अवघड.

त्यावरून आमचं ठरलंय: आकडा टेबलावरच्या सगळ्यात हलक्या खिशाच्या माणसाकडं बघून ठरवायचा. जो कमावतोय त्यानं नाही ठरवायचं. आणि त्याला सगळ्यांसमोर "तुला परवडतंय काय रे" असं विचारू नका, तो होयच म्हणणार. ज्याच्या घरी खेळायचंय त्यानं आदल्या दिवशीच फोनवर सांगून टाकायचं, "शंभर रुपये, फार तर दोनशे, त्याच्या वर कुणाचंच जाणार नाही." शेंगदाण्यापेक्षा जड आणि झोप उडवण्यापेक्षा हलकं, एवढंच बघायचं.

आता डब्याचा हिशोब. यात 200 चिप्स आहेत, 80 पांढऱ्या, 70 लाल, 50 निळ्या, आकडे छापलेले नाहीत, किंमत तुम्हीच ठरवायची. आम्ही पांढरी 10, लाल 50, निळी 100 धरतो. सहाजण असले तर प्रत्येकाला 10 पांढऱ्या, 8 लाल, 5 निळ्या, झाले बरोबर 1000. हे 1000 म्हणजे 100 रुपये, म्हणजे एक पांढरी चिप एक रुपयाची. रुपयातच का मोजत नाही म्हणाल, तर हजाराचा ढीग पुढं असला की माणूस जरा ऐटीत खेळतो, खिशातनं मात्र शंभरच गेलेले असतात. स्मॉल ब्लाइंड 10, बिग ब्लाइंड 20 (ब्लाइंड म्हणजे काय ते खाली सांगितलंय), म्हणजे प्रत्येकाजवळ पन्नास बिग ब्लाइंड होतात, शिकायला भरपूर झाले. संपले तर आणखी एकदाच 100 रुपये घालायचे, बदल्यात 10 निळ्या. बँक एकाच माणसाकडं, पैसे आधी, कॅश द्या नाहीतर फोनवरनं पाठवा, पण "नंतर देतो" अजिबात नको. उधारीचं खातं आमच्या दुकानात पण तापदायकच असतंय.

ब्लाइंड शब्दावर हमखास घोळ होतो. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न बघता चाल. इथं तसं नाही, इथं वाटप होण्याआधी दोघांना सक्तीनं टाकायला लागणाऱ्या चिप्स म्हणजे ब्लाइंड, एकाची छोटी ती स्मॉल, दुसऱ्याची मोठी ती बिग, पत्ते बघायला कुणी अडवत नाही, आणि दर डावाला ती पाळी पुढच्याकडं सरकते. दुसरा घोळ याहून मोठा, भांडणं यावरनंच होतात: तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीनं आलेले पत्ते) कलरच्या (सगळे एकाच चिन्हाचे) वर, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. उलटं का, तर जे दुर्मिळ ते वरचं. तीन पत्त्यांत साधी सिक्वेन्स 720 प्रकारे होते आणि कलर 1096 प्रकारे, पाच पत्त्यांत सिक्वेन्स 10,200 प्रकारे आणि कलर फक्त 5,108. खेळायच्या आधी हे मोठ्यानं सांगा, नाहीतर गणपतीच्या जागरणाला वर्षानुवर्षं तीन पत्ती खेळलेले काका पाच बदाम बघून पत्ते टाकून देतील आणि मग ऐकून घ्या रात्रभर.

पहिल्या तासाला आमचा आग्रह लिमिटचा. पहिल्या दोन फेऱ्यांत, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आल्यावर आणि सगळ्यांसाठी मधे मांडायच्या पाचातले पहिले तीन उघडल्यावर, पैज 20 नंच वाढवायची. चौथा आणि पाचवा पत्ता उघडल्यावर 40 नं. एका फेरीत पैज एकदा आणि त्यावर वाढ तीनदा, बास. म्हणजे सगळंच चुकलं तरी एका डावात 480 च्या चिप्स, म्हणजे 48 रुपये. नवीन माणूस एका फटक्यात उठत नाही हे महत्त्वाचं, कारण उठलेला माणूस कोपऱ्यात मोबाईल बघत बसतो आणि पुढच्या वेळी येतच नाही. हात बसला की मग नो लिमिट करा, म्हणजे पैजेला वरची मर्यादा नाही. तेव्हा पण जेवढं पुढ्यात आहे तेवढंच लावायचं, डाव चालू असताना खिशात हात नाही. चोर्ला घाट उतरून पणजीच्या कॅसिनोच्या बोटीवर जे बघून आलाय ते तिथंच राहू दे.

ज्याच्या घरी खेळ आहे त्यानं डावामागं पैसे कापायचे नाहीत, चहा-भज्याचा खर्च वेगळा वाटून घ्या. जागेचे पैसे घेऊन कमाई सुरू झाली की कर्नाटकाच्या 1963 च्या पोलीस कायद्यात तो जुगाराचा अड्डा होतो, मग शेजारी पण ओळख दाखवणार नाहीत. ॲपवर पैशानं पोकर तर 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं बंदच केलंय, ते विचारू नका.

आणि घरात पैशाचं नकोच असेल (बऱ्याच घरांत आई-आज्जी समोर असली की नकोच असतंय) तर आम्ही कुंदा, आपली बेळगावची खव्याची मिठाई, लावतो. सगळ्यांनी मिळून अर्धा किलो आणायचा, चिप्स सारख्या वाटायच्या, संपल्या तर आणखी मिळणार नाहीत, शेवटी ज्याच्याकडं सगळ्या चिप्स त्याला निम्मा कुंदा घरी न्यायला, बाकीचा तिथंच संपवायचा. यात दर अर्ध्या तासानं ब्लाइंड दुप्पट करा, नाहीतर पहाट होईल. कुंदा मात्र डाव संपल्यावरच उघडा, तुपाचा हात लागला की पत्ते चिकटतात आणि पिसताना दोन-दोन येतात.

थांबायची वेळ आधीच सांगून ठेवा, अकरा म्हणजे अकरा, विशेषतः कुणाला खानापूरला परत जायचं असेल तर. हरणारा "अजून एकच डाव" म्हणतोच.

चिप्स घरी गेल्या गेल्या मोजून घ्या. कमी निघाल्या तर आठ दिवसात डब्यासकट आणा, बदलून देऊ. पत्त्यांचं पाकीट फोडलं असलं तर परत नाही. रविवारी दुपारी दुकान बंद असतंय.