वय्यिन्नाफश (निर्गम ३१:१७)

हिब्रू बायबलमधील निर्गम ग्रंथाच्या ३१व्या अध्यायातील १७व्या वचनाचा शेवटचा शब्द. सहा दिवसांत आकाश आणि पृथ्वी घडवून सातव्या दिवशी परमेश्वर ‘शावत वय्यिन्नाफश’, असे हे वचन सांगते. ‘शावत’ म्हणजे थांबला, काम बंद केले. ‘शब्बाथ’, यहुद्यांचा दर आठवड्याचा विसाव्याचा दिवस, त्याच धातूतला. ‘वय्यिन्नाफश’चा अर्थ मात्र ‘आणि त्याने दम घेतला’, ‘त्याच्या जिवात जीव आला’ असा काहीसा होतो. न थकणाऱ्या देवाला दम कशाला घ्यावा लागावा, हा प्रश्न भाष्यकारांना छळत आला आहे.

क्रियापद ‘नेफेश’ या नामावरून आलेले आहे. भाषांतरांत नेफेशला सरसकट ‘आत्मा’ म्हणतात आणि तिथेच वाट चुकते. नेफेश म्हणजे आधी गळा, मग गळ्यातून जाणारा श्वास, मग जीव, आणि शेवटी ‘मी स्वतः’. ६९व्या स्तोत्राच्या आरंभी बुडणारा माणूस म्हणतो, पाणी माझ्या नेफेशपर्यंत आले. इथे आत्मा काढला तर काहीच कळत नाही. मराठीत मात्र प्राण कंठाशी येतात, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कंठाशी आलेला प्राण परत जागेवर बसणे, हे या क्रियापदाचे मूळ चित्र.

हे क्रियापद सगळ्या हिब्रू बायबलमध्ये तीनच ठिकाणी येते. २ शमुवेल १६:१४ मध्ये दावीद राजा मुलाच्या, म्हणजे अबशालोमच्या, बंडामुळे यरुशलेम सोडून पळतो आहे. वाटेत शिमी त्याला शिव्याशाप देतो, दगड मारतो, धूळ उडवतो. थकलेभागलेले सगळे मुक्कामाला पोचतात आणि राजा तिथे ‘वय्यिन्नाफेश’. धूळ खाल्लेल्या माणसाचा हा दम आहे. निर्गम २३:१२ हे दुसरे ठिकाण: सातव्या दिवशी थांब, म्हणजे तुझा बैल आणि गाढव विसावतील, आणि तुझ्या दासीचा मुलगा व परका यांना दम घेता येईल. बैल-गाढवासाठी तिथे ‘नूआख’ हा साधा विसाव्याचा धातू आहे. दासीपुत्र आणि परका यांच्यासाठी हाच नेफेशचा शब्द. घरातल्या सर्वांत खालच्या माणसाला लावलेले क्रियापद तिसऱ्या ठिकाणी देवाला लावले आहे. वचनाचा सारा जोर या जोडीत आहे, आणि ३१:१७ एकटेच वाचणाऱ्याच्या हाती तो लागत नाही.

संदर्भही पाहावा. आधीचे अध्याय निवासमंडपाच्या, म्हणजे देवासाठी उभारायच्या तंबूच्या, बांधणीचे आहेत: लाकूड, पडदे, सोने, कारागीर. ती यादी संपताच शब्बाथाची आज्ञा येते. ११व्या शतकातील यहुदी भाष्यकार राशी याच्या मते याचा अर्थ असा, की मंडपाची कितीही घाई असली तरी त्यासाठी शब्बाथ मोडायचा नाही. लगेच पुढच्या अध्यायात सोन्याचे वासरू आहे.

जुन्या भाषांतरकारांनी हा शब्द सौम्य केला. ग्रीक भाषांतरात थांबण्या-विसावण्याची दोन क्रियापदे आहेत, श्वास नाही. लॅटिन व्हल्गेटमध्ये ‘कामापासून थांबला’ एवढेच उरते. ओंकेलोसच्या अरामी भाषांतरातही ‘विसावला’ आहे. राशी तो अर्थ मान्य करतो, पण नेफेशशी नाते सोडत नाही: श्रमातून थांबलेला माणूस आपला श्वास परत मिळवतो, तेच इथे म्हटले आहे. देव तर थकत नाही (यशया ४०:२८) आणि त्याचे काम निव्वळ शब्दाने होते. तरी माणसाच्या कानाला झेपेल अशा भाषेत तो स्वतःबद्दल बोलतो. १२व्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदीज आणखी दूर जातो. नेफेशचा एक अर्थ ‘इच्छा’ असा घेऊन तो ‘त्याची इच्छा पूर्ण झाली’ असे वाचतो. तत्त्वज्ञानाचा पेच सुटतो, पण दासीच्या मुलाशी असलेला धागा तुटतो.

तालमूद या यहुदी धर्मचर्चेच्या ग्रंथात (बेत्सा १६अ) रेश लाकीश हा धर्मपंडित यातून शब्दखेळ करतो. शब्बाथाला माणसाला एक जादा नेफेश मिळतो आणि शब्बाथ सरताना तो काढून घेतला जातो, म्हणून ‘वय् नेफेश’, हाय रे जीव! व्याकरणात याला आधार नाही: ‘व’ म्हणजे ‘आणि’, ‘यि’ हा तृतीय पुरुषाचा प्रत्यय. पण शब्बाथ संपताना हवदालाच्या विधीत सुगंधी मसाला हुंगतात त्याचे प्रचलित स्पष्टीकरण हेच, की गेलेल्या जादा जिवामुळे आलेली मरगळ वासाने जावी.

उच्चारात दोन चुका हमखास होतात. ‘न’ एकेरी म्हणतात. तो दुहेरी हवा, कारण प्रत्ययाचा ‘न’ धातूच्या ‘न’मध्ये मिसळला आहे. दुसरी म्हणजे शेवटी ‘फेश’ म्हणणे. शमुवेलात तसेच आहे, पण इथे शब्द वचनाच्या शेवटी, पूर्ण विरामावर येत असल्याने स्वर बदलून ‘फश’ होतो. आघातही त्यावरच.

३१:१६–१७ ही जोडी ‘वेशामरू’ या नावाने शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत गातात आणि शनिवारी दुपारच्या जेवणाआधीच्या किद्दूशमध्ये, म्हणजे द्राक्षारसाच्या पेल्यावर म्हणायच्या आशीर्वादात, म्हणतात. शुक्रवार रात्रीच्या किद्दूशमध्ये मात्र उत्पत्ती ग्रंथातला उतारा असतो. त्यात ‘शावत’चे रूप आहे, वय्यिन्नाफश नाही. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात किद्दूशसाठी द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून केलेले सरबत वापरतात. याच समाजाला तेल गाळण्याच्या धंद्यामुळे आणि शनिवारी काम बंद ठेवण्यामुळे गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. घाणा बंद म्हणजे बैलाच्या मानेवरचे जूही उतरलेले.