बॅकअपची किल्ली कोणाकडे? डेटाबेसच्या दूरच्या प्रतींची पार्श्वभूमी

टेपच्या काळात डेटाबेसची प्रत दूर न्यायला माणूसच लागायचा. ठरल्या वेळी काम चालवणारा क्रॉन १९७९ च्या युनिक्समध्येही होता, पण नेटवर्कवरून प्रत बाहेर धाडायची तर हाताशी फाइली पाठवणारा एफटीपी, आणि तो पासवर्ड उघडाच पाठवायचा. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड टिपले गेले आणि त्या चोरीतून सगळा संवाद सांकेतिक करून पाठवणारं एसएसएच जन्माला आलं. पुढच्याच वर्षी आरसिंक आलं. फाइलचा बदललेला भाग तेवढाच पाठवायचा, ही त्याची करामत.

रोजच्या बॅकअपची स्क्रिप्ट म्हणजे क्रॉन, एसएसएच आणि आरसिंक या तिघांची मोळी. मायएसक्यूएल डेटाबेसच्या मायएसक्यूएलडंप या साधनाने डंप, म्हणजे सगळ्या माहितीची एक फाइल, काढायचा, जीझिपने दाबून लहान करायचा, फाइलला तारखेचं नाव द्यायचं आणि आरसिंकने पलीकडे टाकायचा. २००० नंतरच्या दहा वर्षांत ही चार ओळींची रीत पक्की झाली आणि तिच्यातले खड्डेही. क्रॉनच्या कामांच्या यादीत, म्हणजे क्रॉनटॅबमध्ये, टक्क्याचं चिन्ह नवी ओळ समजलं जातं. म्हणून तारीख घालणारी आज्ञा हाताने नीट चालते आणि क्रॉनमधून अर्ध्यावर तुटते. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ दिली की सुटका. दुसरा खड्डा खोल आहे. डंप फसला तरी पाइपच्या, म्हणजे एका आज्ञेचं उत्तर दुसरीला देणाऱ्या जोडणीच्या, टोकाचं जीझिप आपलं काम चोख करतं आणि स्क्रिप्टला सगळं ठीक वाटतं. रोज नव्या तारखेची फाइल पडत राहते, वीस बाइटची. कुणाचाही बॅकअप तपासायला बसलो की मी आधी फाइलींचे आकार बघतो.

मायआयसॅम या मायएसक्यूएलच्या जुन्या साठवण-इंजिनाच्या टेबलांवर डंप चालू असताना लिखाण अडायचं, म्हणून पहाटेची वेळ रूढ झाली. २०१० च्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी हे आपोआप मिळणारं इंजिन झालं, लिखाण न अडवता एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये सुसंगत डंप निघू लागला, पहाटेची सवय मात्र टिकली.

मतभेद होता आणि अजून आहे तो एकाच प्रश्नावर. प्रत डेटाबेसच्या सर्व्हरने ढकलायची, की बॅकअपच्या सर्व्हरने येऊन ओढून न्यायची? पलीकडच्या यंत्रात शिरायला एसएसएचची किल्ली, म्हणजे एक गुप्त फाइल, लागते. क्रॉन रात्री तिचा पासवर्ड, म्हणजे पासफ्रेज, टाकू शकत नाही, त्यामुळे पासफ्रेज नसलेली किल्ली कुठल्यातरी डिस्कवर पडून राहणारच. ढकलण्याच्या पद्धतीत ती जगासमोर उघड्या असलेल्या यंत्रावर असते. तिथे घुसलेल्याला डेटाबेस मिळतो आणि त्याच पावली प्रतींपर्यंतची वाटही. मूळही गेलं, प्रतही गेली. ओढण्याच्या पद्धतीत किल्ली आतल्या, बाहेरून बंद ठेवता येणाऱ्या यंत्रावर राहते. विरोधकांचं म्हणणं असं, की मग त्या एका यंत्रावर सगळ्या सर्व्हरांच्या किल्ल्या गोळा होतात, शिवाय डंप पुरा झाला की नाही हे त्याला कळत नाही आणि अर्धवट फाइल उचलली जाते. दोन्ही आक्षेप खरे, पण दोन्हींना उपाय जुना आहे. एसएसएचची किल्ली एकाच आज्ञेला बांधून फक्त वाचण्यापुरती ठेवता येते, आणि डंप पुरा झाल्यावरच फाइलला अंतिम नाव देता येतं. तरीही ढकलणंच पसरलं, कारण ते एकाच यंत्रावर बसून उरकतं. या निवडीची किंमत पुढे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरच्या काळात अनेकांनी मोजली.

२००६ मध्ये क्लाउडवरचं ऑब्जेक्ट स्टोरेज, म्हणजे भाड्याने मिळणारी फाइलींची कोठारं, बाजारात आलं. बकेट, म्हणजे असं एक कोठार, स्वतःहून येऊन काही नेत नाही, त्यामुळे ढकलणं जवळपास नियमच झाला. ३१ जानेवारी २०१७ ला कोड साठवणाऱ्या एका मोठ्या सेवेत एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी पुसली गेली. बकेट उघडली तर रिकामी. डंप काढणारं साधन ९.२ आवृत्तीचं, डेटाबेस ९.६ चा, ते जुळेना; डंप रोज फसत होता आणि तो फसल्याची ईमेलं मेल सर्व्हर नाकारत होता. सेवा वाचली ती कुणीतरी सहा तास आधी वेगळ्या कामासाठी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे, म्हणजे त्या क्षणाच्या प्रतीमुळे.

बकेटमधली फाइल ठरावीक मुदतीपर्यंत कुलूपबंद ठेवण्याची सोय २०१८ च्या अखेरीस आली. ढकलणाऱ्या सर्व्हरला नवी प्रत टाकता येते. मुदत संपेपर्यंत जुनी प्रत पुसणं मात्र त्याच्या हातात राहत नाही.