सहा पडेना, तरी उठवेना

"ॲपच बनवतंय बे!" सोलापुरातल्या कुठल्याही कट्ट्यावर मोबाइलवरचा लुडो रंगला की हे वाक्य येतंच. चौघांतल्या एकाच्या चारही सोंगट्या घरातच अडकलेल्या, दहा दानं झाली तरी सहा नाही, आणि समोरच्याला मात्र लागोपाठ दोन. संशय येणं साहजिक आहे. पण आरोप करण्याआधी हिशेब करावा.

फासा सरळ असेल तर एका दानात सहा न पडण्याची शक्यता ५/६. सलग दहा दानांत न पडण्याची शक्यता म्हणजे ५/६ चा दहावा घात, साधारण १६ टक्के. एकट्याच्या दृष्टीनं हे प्रमाण कमीच. पण खेळणारे चौघं आहेत. चौघांनाही पहिल्या दहा दानांत एकदा तरी सहा मिळण्याची शक्यता काढली तर ती जेमतेम निम्मी भरते. म्हणजे जवळपास दर दुसऱ्या डावात कुणीतरी एक गडी दहा दानं कोरडा राहणारच. कुठलंच ॲप गडबड करत नाही असं मी म्हणत नाही, पण एवढ्या पुराव्यावर कुणाला फाशी देता येणार नाही.

मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. हा कोरडा राहिलेला गडी चिडतो, शिव्या देतो, पण उठून जात नाही. का?

यावर हल्ली एक तयार उत्तर मिळतं: गेम खेळलं की मेंदूत डोपामाइन सुटतं, डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन. मग त्याच्या पुढचा उपाय, 'डोपामाइन डिटॉक्स'. मोबाइल चार दिवस बाजूला ठेवायला माझी काहीच हरकत नाही, पण डोपामाइन हे अंगातून काढून टाकायचं विष नव्हे. ते तयार करणाऱ्या मध्यमेंदूतल्या पेशी मरू लागल्या की माणसाला पार्किन्सन होतो. हात थरथरतात, पाऊल उचलता उचलत नाही. आणि आनंदाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात केंट बेरिज यांनी डोपामाइन जवळपास संपवलेले उंदीर तपासले. ते उंदीर अन्नाकडे आपणहून जात नव्हते. पण जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की पूर्वीसारखेच मिटक्या मारत होते. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती.

मग डोपामाइन करतं काय? इथे मेंदूविज्ञानातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग येतो. वोल्फ्राम शुल्ट्झ स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मध्यमेंदूतल्या डोपामाइन पेशींचे विद्युत्‌संदेश मोजत होते. माकडाला अचानक फळांचा रस मिळाला की पेशी भराभर संदेश सोडत. मग त्यांनी रसाआधी एक खूण दाखवायला सुरुवात केली. माकडाला सवय झाली, आणि पेशी खूण दिसताच पेटू लागल्या. रस तोंडात पडायच्या क्षणी मात्र गप्प. रस तोच, गोडी तीच, पण पेशींना त्याचं काही नाही. मग खूण दाखवून रस दिलाच नाही, तेव्हा ज्या क्षणी तो यायला हवा होता नेमक्या त्याच क्षणी पेशींचे नेहमीचे संदेशसुद्धा थांबले.

सोलापूरकराला हे समजायला प्रयोगशाळा लागू नये. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी ही आपली वर्षानुवर्षांची सवय. ठरल्या दिवशी पाणी आलं म्हणून कुणी पेढे वाटत नाही. एक दिवस आधी आलं तर गल्लीभर आरोळ्या आणि घागरींची धावपळ. ठरलेल्या वेळी आलं नाही तर दुपारपर्यंत सगळ्या घराचा पारा चढलेला. पेशी मोजतात ती पाण्याची भरलेली टाकी नव्हे. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक.

हा फरक गणितात मांडता येतो. नवी अपेक्षा = जुनी अपेक्षा + (शिकण्याचा वेग × फरक). रसाची किंमत १ धरा, सुरुवातीची अपेक्षा ०, वेग ०.२. पहिल्यांदा फरक १, अपेक्षा ०.२ होते. दुसऱ्यांदा फरक ०.८, अपेक्षा ०.३६. तिसऱ्यांदा फरक ०.६४. असा तो घटत घटत शून्याकडे जातो, आणि मेंदू म्हणतो, कळलं, पुढे चला.

आता रसाऐवजी फासा ठेवा. सहा पडला तर १, नाहीतर ०. कितीही शिकलात तरी अपेक्षा ०.१७ च्या आसपास घुटमळत राहणार. सहा पडला की फरक +०.८३, नाही पडला की −०.१७. हा फरक कधीच आटत नाही! शिकणाऱ्या यंत्राला न शिकता येण्याजोगी गोष्ट दिली की ते फिरतच राहतं. शुल्ट्झ आणि सहकाऱ्यांना २००३ मध्ये असंही दिसलं की खूण आणि बक्षीस यांच्यामधल्या वेळात काही डोपामाइन पेशींचे संदेश हळूहळू चढत जातात, आणि बक्षिसाची शक्यता ५० टक्के असते तेव्हा ही चढण सर्वांत जास्त असते. म्हणजे मिळेल की नाही हे अजिबात सांगता येत नाही तेव्हा.

या सूत्राची पुढची पायरी जरा अवघड आहे, पण सोडवत नाही. फरक फक्त शेवटच्या बक्षिसाचा मोजायचा असं नाही. दर चालीला मोजता येतो. या क्षणी जिंकण्याचा माझा अंदाज किती, आणि पुढच्या चालीनंतरचा अंदाज किती, या दोन अंदाजांतली तफावत हाच धडा. अंदाजानंच अंदाज सुधारायचा. आयबीएममधल्या जेराल्ड टेसॉरो यांनी १९९२ च्या सुमारास हे तत्त्व एका संगणकाला दिलं आणि त्याला बॅकगॅमन, म्हणजे सोंगट्या-फाशांचाच एक पट, स्वतःशी लाखो डाव खेळायला लावलं. तो जगातल्या उत्तम खेळाडूंच्या तोडीचा झाला. आणि १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी दाखवून दिलं की माकडाच्या पेशींचे संदेश याच सूत्रात बसतात. पट खेळायला शिकणाऱ्या यंत्राचं गणित आणि मध्यमेंदूतल्या पेशींचं वागणं एकच निघावं, याचं मला आजही नवल वाटतं.

फुली-गोळा मुलं एका वयानंतर सोडतात, कारण दोघांनी नीट खेळलं तर डाव बरोबरीतच सुटतो हे त्यांना कळलेलं असतं, फरक शून्य. बुद्धिबळात फासा नाही, पण समोरचा माणूस आहे, तो पुरतो. व्हिडिओ गेममध्ये हात बसला की पुढची पातळी अवघड होते, तेही यासाठीच.

अर्थात फासा कळत नाही म्हटल्यावर माणूस त्याला वळवायला बघतो. कुणी फुंकर मारतो, कुणी डावाला बसताना ठरावीक बाजू धरतो, कुणाला शनिवारी दान पडतच नाही. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळानं आपोआप दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतरं काहीही करोत, दाणे येणारच होते. तरी एक कबुतर गोल गोल फिरू लागलं, दुसरं मान झुलवू लागलं. स्किनर यांनी लावलेल्या अर्थावर पुढे वाद झाले, पण शनिवारवाल्या गड्यानं ती कबुतरं एकदा पाहायला हवीत.

गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर रिंग फेकायचे स्टॉल लागतात. रिंग साबणाच्या वडीच्या कडेला टेकून घसरते आणि माणूस पुन्हा खिशात हात घालतो. केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांच्या २००९ च्या प्रयोगात लोक चित्रं फिरवून जुळवायचा जुगारासारखा खेळ खेळत होते; त्यात थोडक्यात हुकलेला डाव लोकांना सपशेल हरण्यापेक्षाही नकोसा वाटला. तरी चित्र स्वतः निवडलेलं असेल तर पुन्हा खेळायची इच्छा वाढली. मेंदूतले जिंकल्यावर जागे होणारे काही भागही त्या वेळी जागे झाले. रिंग तर आपल्याच हातानं फेकलेली असते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्यानं देशभर बंदी आणली, त्यात हेच यंत्र पैशाला जुंपलेलं होतं.

पोरगं रोज दोन तास खेळतं, हे व्यसन का, असं पालक विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून 'गेमिंग डिसऑर्डर' लागू आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, आणि हे साधारण बारा महिने चालणं, असे त्याचे निकष आहेत. तासांचा आकडा त्यात कुठेच नाही.