रेल-ट्रेल (रूळवाट)

बंद पडलेल्या रेल्वेलाइनीचे रूळ उचलून त्याच पट्ट्यावर चालायला, पळायला, सायकलीला केलेली वाट म्हणजे रेल-ट्रेल. या नोंदीत तिला रूळवाट म्हटलंय.

पहिली रूळवाट कुठली यावर एकमत नाही. अमेरिकेत बहुतेक जण विस्कॉन्सिनच्या एलरॉय-स्पार्टा ट्रेलचं नाव घेतात (साधारण १९६५-६७, सुमारे ५१ किमी, वाटेत तीन बोगदे), इलिनॉयवाले प्रेअरी पाथ पुढे करतात कारण तिची कल्पना १९६३ मधली. पण इंग्लंडात स्टॅफर्डशरमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही नॅरोगेज लाइन १९३४ ला बंद झाली आणि १९३७ ला लोकांना चालायला खुली झाली, त्यामुळे नुसतं वय बघितलं तर मान मॅनिफोल्डकडेच जावा असं वाटतं. एलरॉय-स्पार्टाचं महत्त्व वेगळं, तिच्यानंतर अमेरिकेत ही कल्पना खरी पसरली.

रेल्वेचीच जागा का, तर चढामुळे. इंजिनाला चढ झेपत नाही म्हणून लाइन टाकतानाच डोंगर कापलेला असतो, खोलगट जागी भराव घातलेला असतो. बोरघाटातला १:३७ चढ रेल्वेच्या हिशोबात फार तीव्र, पण चालणाऱ्याला तो ३७ मीटरमागे फक्त १ मीटर, म्हणजे येऊरचा रस्ता चढणाऱ्या ठाणेकराला काहीच नाही. गुडघे दुखणाऱ्या आजी आणि सायकल शिकणारी पोरं एकाच वाटेवर येतात ती यामुळेच.

रूळ मात्र काढावेच लागतात. माथेरानला दस्तुरी नाक्यावरनं रुळालगत चालत गेलेल्यांना माहीत असेल, एकेका स्लीपरवर पाय टाकला तर पाऊल आखडतं, एक सोडून टाकला तर उडी मारावी लागते, आणि मधल्या खडीत घोटा मुरगळतो तो वेगळाच. म्हणून मोठी खडी काढून किंवा दाबून वर बारीक चुरी नाहीतर डांबर टाकतात. जुने लाकडी स्लीपर क्रिओसोटमध्ये (लाकूड कुजू नये म्हणून वापरायचं विषारी डांबरी तेल) मुरवलेले असतात, ते बागेत बाक करायला वापरू नयेत. आपल्या पावसात सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे मोऱ्या, एक मोरी तुंबली की भराव वाहून गेलाच.

पट्टा अखंड राहणं हा कळीचा मुद्दा. मधला एक तुकडा विकला की उरतात दोन बिनकामाच्या गल्ल्या. अमेरिकेत १९८३ च्या कायद्यानं पुढे कधी रेल्वेची गरज पडली तर लाइन परत टाकता येईल अशा अटीवर पट्टा राखून तोवर वाट करता येते, आणि १९९० ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं ही तरतूद उचलून धरली. भारतात रेल्वेची मोकळी जमीन मुख्यतः रेल लँड डेव्हलपमेंट अथॉरिटीकडे जाते, तिचा भर व्यापारी विकासावर. ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेला आणि दाट वस्तीला जवळचं उदाहरण सिंगापूरचं, तिथं २०११ ला मलेशियाकडे जाणाऱ्या गाड्या शहरातून धावायच्या थांबल्या आणि सुमारे २४ किमीचा पट्टा सलग राखला गेला.

ठाण्याची मूळ लाइन १६ एप्रिल १८५३ पासून वापरात आहे, तिथं वाटेचा प्रश्नच नाही. शक्यता असलीच तर कारखान्यांच्या बंद साइडिंगवर (मुख्य लाइनीपासून कारखान्यात नेलेला फाटा). नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईला किंवा ठाण्याच्या तलावपाळीला माणूस गोल फिरून निघाला तिथंच परत येतो, साइडिंगची वाट त्याला घरापासून स्टेशनपर्यंत नेऊ शकते. जवळपास सोडून दिलेली लाइन बघायची तर खंडाळ्याला, बोरघाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन (चढ चढताना गाडी जिथं थांबून उलट्या दिशेनं निघायची ते) १९२९ च्या सुमारास वापरातून गेलं.