स्टेशनवरच्या वाय-फायचा पहारा कोणासाठी?

जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल ही रेल्वेची दूरसंचार कंपनी आणि गूगल यांनी मिळून मोफत वाय-फाय सुरू केलं. पुढे ते चारशेहून अधिक स्थानकांत पोचलं. २०२०मध्ये गूगलने त्यातून अंग काढून घ्यायचं जाहीर केलं, रेलटेलचं ‘रेलवायर’ मात्र वाढत राहिलं. आज लहानशा स्टेशनच्या फलाटावरही हे नाव फोनमध्ये दिसतं. जोडून घ्यायला पासवर्ड लागत नाही. वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसते, तरी व्हॉट्सॲपचा मेसेज जात नाही. मग एक पान वर येतं, मोबाइल नंबर मागतं, एसएमएसने ओटीपी येतो, तो टाकला की इंटरनेट चालू.

ओटीपी विचारला, म्हणजे इथे काहीतरी सुरक्षा आहे, असं आपण सहज धरून चालतो. सुरक्षा आहेच, पण ती कोणाची, हे कळायला हा पहारा कुठे बसवलाय ते पाहावं लागेल.

पासवर्ड नसलेल्या वाय-फायला फोन जोडला गेला, की छतावरचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय देणारं यंत्र, आणि फोन यांच्यात रेडिओलहरींवरून बोलणं सुरू झालेलंच असतं. नेटवर्क फोनला एक आयपी पत्ताही, म्हणजे डेटा पोचवण्यासाठीचा क्रमांक, देऊन टाकतं. अडवणूक होते ती त्याच्या पुढे, जिथून सगळी वाहतूक बाहेरच्या इंटरनेटकडे जाते त्या गेटवेवर. ओटीपी न दिलेल्या फोनकडून आलेला जवळपास सगळा डेटा तो टाकून देतो. एक-दोन गोष्टींना मात्र मुभा असते: साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी डीएनएसची विचारणा, आणि लॉगिनचं पान.

ते पान आपोआप वर येतं, त्यात फोनचा मोठा हात असतो. नव्या वाय-फायला जोडल्याबरोबर अँड्रॉइड फोन गूगलच्या एका ठरलेल्या पत्त्यावर साधी विचारणा करतो. तिथून ‘२०४’ हा क्रमांक असलेलं कोरं उत्तर आलं, तर इंटरनेट मोकळं आहे. आयफोन ॲपलच्या पत्त्यावर अशीच विचारणा करून ‘सक्सेस’ या शब्दाची वाट पाहतो. गेटवे ही विचारणा मध्येच पकडतो आणि मूळ सर्व्हरच्या नावाने स्वतःच उत्तर देतो: या पानावर जा. अपेक्षित उत्तर आलं नाही हे पाहून फोन ओळखतो की इथे लॉगिन आहे, आणि ते पान आपल्यासमोर उघडतो. या व्यवस्थेला कॅप्टिव्ह पोर्टल म्हणतात.

म्हणजे दुसऱ्याच्या नावाने उत्तर देणं हा या व्यवस्थेचा पाया आहे. वेब जोवर साध्या एचटीटीपीवर चालत होतं, तोवर ते खपून गेलं. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवणाऱ्या पद्धतीवर, आहेत. तिथे ब्राउझर समोरच्याकडे तो खरा असल्याचं प्रमाणपत्र मागतो आणि गेटवेकडे ते नसतं. म्हणून लॉगिनच्या आधी बँकेची साइट उघडायला गेलं तर पान येतच नाही, किंवा धोक्याचा इशारा येतो. तो इशारा डावलून पुढे जाऊ नये; ब्राउझर खरं तेच सांगत असतो. २०२०मध्ये यासाठी नवं मानक आलं: आयपी पत्ता देतानाच नेटवर्कने लॉगिनच्या पानाचा पत्ताही सरळ कळवायचा, म्हणजे मध्ये पकडायची गरजच उरत नाही. नवे फोन हे समजू शकतात. नेटवर्क चालवणाऱ्यांनी ते वापरलं पाहिजे.

ओटीपी बरोबर निघाला की पुढचं काम बहुतेक ठिकाणी रेडियस नावाच्या पद्धतीने चालतं. टेलिफोनच्या तारेवरून डायल करून इंटरनेट मिळायचं त्या काळातली, १९९१ची ही रचना आजही टिकून आहे. गेटवे रेडियस सर्व्हरला विचारतो, हा कोण, याला येऊ देऊ का, किती वेळ, किती वेगाने? सर्व्हर सांगतो, ३० मिनिटं, एक एमबीपीएस. रेलवायरची रोजची फुकट सेवा साधारण याच मापाची; पुढे पैसे भरायचे. मधूनमधून गेटवे हिशेबही कळवतो: इतकी मिनिटं झाली, इतका डेटा गेला. वेगावर मर्यादा घालणं हा कंजूषपणा नव्हे. एका चॅनलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकतं, त्यामुळे फलाटाच्या टोकाला कमी सिग्नलमध्ये व्हिडिओ पाहणारा एक फोन बाकीच्यांचा बराच वेळ खाऊन टाकतो.

पण गेटवे फोनला ओळखतो कशावरून? बहुधा मॅक पत्त्यावरून, म्हणजे वाय-फायच्या चिपच्या ४८ बिटांच्या क्रमांकावरून. आयफोनने २०२०पासून आणि अँड्रॉइडने त्याच्या आदल्या वर्षापासून प्रत्येक नेटवर्कला वेगळा, यादृच्छिक क्रमांक दाखवायला सुरुवात केली. दुकानादुकानांतून माणसाचा माग काढला जात होता, त्यावर हा उपाय. तो योग्यच होता. पण त्यामुळे मॅक पत्ता ही माणसाची कायमची ओळख उरली नाही, आणि ३० मिनिटांचा हिशेब मोबाइल नंबरवर ठेवणं आणखी गरजेचं झालं.

ओटीपीची सक्ती यायला मात्र वेगळं कारण घडलं, आणि ते महाराष्ट्रात घडलं. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरापर्यंत पोचला. त्या घरातल्या वाय-फायला संरक्षण नव्हतं आणि कोणीतरी ते वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत मुंबईतल्या आणखी दोन वाय-फाय जोडण्यांतून असेच ईमेल गेले. फेब्रुवारी २००९मध्ये दूरसंचार विभागाने नियम केला: सार्वजनिक वाय-फायवर येणाऱ्याची ओळख छायाचित्र असलेल्या ओळखपत्रावरून किंवा मोबाइल नंबरवरून नोंदवायची आणि ती वर्षभर जपायची. यामागे तांत्रिक गरजही आहे. स्थानकातले शेकडो फोन बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात. आतली नोंद नसेल तर पोलिसांना त्यांतला एक वेगळा काढणं जवळजवळ अशक्य.

हा नियम मला पटतो. पण त्याने कोणाचं रक्षण झालं ते नीट पाहा. गुन्हा झाला तर माग काढता येतो, सेवा देणाऱ्याची जबाबदारी पार पडते. फलाटावरच्या प्रवाशाला त्यातून काहीच मिळालेलं नाही. फोन आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यामधला टप्पा ओटीपीच्या आधी उघडा होता, नंतरही उघडाच राहतो. शेजारच्या बाकावर लॅपटॉप घेऊन बसलेला माणूस त्या लहरी टिपू शकतो. एचटीटीपीएसमुळे त्याला मजकूर वाचता येत नाही, पण कोणत्या साइटवर गेलात हे बऱ्याचदा कळतं. तो तुमचा मॅक पत्ता उचलून तुमच्या नावावर नेट वापरू शकतो. मग जपलेल्या नोंदीत नंबर तुमचा. याहून वाईट म्हणजे, तो त्याच नावाचं स्वतःचं वाय-फाय सुरू करून हुबेहूब तसंच पान दाखवू शकतो. खरं कोणतं हे ओळखायला फोनकडे काही साधन नसतं. हॉटेलात भिंतीवर लिहिलेला पासवर्ड असतो, तिथेही वाय-फायच्या सुरक्षेच्या जुन्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत तो माहीत असलेला कोणीही, फोन जोडला जातानाचा संवाद टिपून, दुसऱ्याचा डेटा उलगडू शकतो.

यावरचा उपाय विद्यापीठांच्या जगात वीस वर्षांपासून चालतो आहे. युरोपात सुरू झालेल्या एड्युरोम या विद्यापीठांच्या सामायिक वाय-फाय व्यवस्थेत मुंबईच्या आयआयटीतला विद्यार्थी ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठात गेला, तर त्याचा फोन तिथे आपोआप जोडला जातो. तिथलं नेटवर्क रेडियसमार्फत मुंबईला विचारतं, मुंबई हो म्हणते, पासवर्ड तिथल्या कोणाला दिसत नाही. ओळख पटवणं आणि एन्क्रिप्शन, म्हणजे डेटा कुलूपबंद करणं, दोन्ही रेडिओच्या टप्प्यावरच होतं, आणि नीट मांडणी केलेला फोन नेटवर्कचं प्रमाणपत्रही तपासतो, त्यामुळे नकली नेटवर्क टिकत नाही. पासपॉइंट हे तंत्र हेच सार्वजनिक हॉटस्पॉटसाठी करतं. त्यात ओळख म्हणून सिम कार्डही चालतं. डिसेंबर २०२०मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत चहाचा टपरीवालाही परवान्याशिवाय वाय-फाय देऊ शकतो आणि ग्राहकाची ओळख ॲपमध्ये पटवली जाते. त्याने ओळखीचा भाग सोपा झाला. हवेतल्या टप्प्याचा प्रश्न त्याने आपोआप सुटत नाही.

पासपॉइंट सगळीकडे यायला वेळ लागेल. पण एक काम आजही करता येण्याजोगं आहे. २०१८पासून ‘एन्हान्स्ड ओपन’ नावाची सोय उपलब्ध आहे. पासवर्ड न मागता ती प्रत्येक फोनशी वेगळी किल्ली ठरवून डेटा एन्क्रिप्ट करते. नकली नेटवर्क तिला ओळखता येत नाही, पण बाकावरून लहरी टिपणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. जुन्या फोनसाठी उघडं नेटवर्क आणि नव्यांसाठी हे, अशी दोन्ही एकाच ॲक्सेस पॉइंटवरून शेजारी चालवता येतात, आणि ओटीपीचं पान आहे तसंच राहू शकतं.